साहेबांचा फोन आला होता

"एक रांग कमी मांड."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. ट्रकमधून खुर्च्या उतरवणाऱ्या गड्यांना तो हेच सांगायचा, लग्नघरच्या यजमानाला हेच सांगायचा, आणि जेवायला बसल्यावर बायकोनं ताटात जास्त वाढलं तरी हात आडवा धरून हेच म्हणायचा. माणसं येतील त्याहून खुर्च्या थोड्या कमी. चार माणसं मागे उभी राहिली की सभा भरून वाहिल्यासारखी दिसते, आणि चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तीच सभा पडल्यासारखी दिसते. बोलणारा तोच, ऐकणारे तेवढेच. लोखंडाच्या आठदहा खुर्च्या ट्रकातच ठेवायच्या की खाली उतरवायच्या, एवढाच काय तो फरक.

गाव त्याला मांडववाला म्हणे. उभा जन्म खुर्च्या वाहण्यात गेल्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. घडीच्या खुर्चीत सापडून त्याची बोटं इतक्यांदा चेंगरली होती, की एखादं तरी नख कायम काळं असे. रिकाम्या हातानं चालतानाही तो दोन्ही बगलांत खुर्च्या असल्यासारखा, कोपर अंगापासून लांब धरून चालायचा. लांबून कुणीही ओळखावं, मांडववाला चालला.

त्याची बायकोही याच धंद्यातली. मांडवाच्या कापडाला ठिगळं लावणं, झालरी शिवणं, कनाती धुऊन वाळवून घडी घालणं ही तिची कामं. सभेच्या दिवशी ती दाभण आणि सुतळी घेऊन व्यासपीठाच्या मागं बसे. वाऱ्यानं कुठं फाटलं तर तिथल्या तिथं शिवायचं. त्यामुळे तिनं सगळं राजकारण मागून पाहिलं. समोरच्यांना छातीवर ठेवलेला हात दिसे, हिला एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवणारा पुढारी दिसे. "पाठीवरून माणूस जास्त कळतो," असं ती म्हणे, आणि नवरा हसण्यावारी नेई.

साहेबांच्या बाबतीत मात्र तो हसण्यावारी नेत नसे. साहेबांचं नाव निघालं की तो बसलेला असला तर नीट बसे.

साहेब तेव्हा साहेब नव्हते. एक इस्त्रीचा सदरा असलेला हडकुळा पोरगा होता, आणि त्याची पहिली सभा होती. एवढं मोठं मैदान त्यानं मागितलं होतं. मांडववाल्यानं त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "मैदानात नको. बाजारामागच्या बोळात सभा घ्या. बोळ भरायला कितीशी माणसं लागतात?" बोळात खुर्च्या मांडल्या, त्याही एक रांग कमी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात बोळाच्या दोन्ही तोंडांना माणसं दाटलेली आणि खिडक्यांतून लोक वाकून पाहत असलेले. त्या पोरानं मांडववाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे मी जन्मात विसरणार नाही."

त्या एका वाक्यावर मांडववाल्यानं आयुष्य काढलं. साहेब निवडून आले, पडले, पक्ष बदलून पुन्हा निवडून आले. याच्या खुर्च्या त्यांच्यामागं गेल्या. झेंड्याचा रंग बदलला तशी बायकोनं झालर उसवली आणि नवी शिवली. उसवलेल्या झालरींच्या तिनं घरात गोधड्या केल्या. साहेबांचे सगळे पक्ष आपण पांघरून झोपलो, असं ती लेकीला सांगे. लेक हसे, तो हसत नसे.

लेक दूर मोठ्या शहरात होती. यंत्रांना माणसांसारखं बोलायला शिकवणाऱ्या कंपनीत तिची नोकरी होती. सुट्टीला आली की तिला किती सांगू आणि किती नको असं होई. आता डॉक्टर यंत्र, वकील यंत्र, मास्तर यंत्र. "बाबा, पाच वर्षांत बघा, सगळं जग बदलणार."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय," तो म्हणे. "साहेबही दर पाच वर्षांनी हेच सांगतात. मी खुर्च्या मांडतो, ते सांगतात, मी खुर्च्या उचलतो."

"खुर्च्याही लागणार नाहीत. लोक घरात बसून सभा बघतील. आणि गर्दी तर फोटोत हवी तेवढी वाढवता येते."

याचं त्याला वाईट वाटे. "अगं, आम्हीही गर्दी फुगवली," तो म्हणे, "पण त्यासाठी ट्रकभर खुर्च्या वाहिल्या. घाम गाळून खोटं बोललो. तुम्ही बसल्या जागी बोलता."

मैदानाच्या कडेला पत्र्याचं एक गोदाम होतं. जागा नगरपालिकेची, भाडेपट्टा जुना. खुर्च्या, बांबू, कनाती, सतरंज्या, सगळं तिथं. एके दिवशी त्याच्या दारावर नोटीस लागली आणि शेजारी मोठा फलक उभा राहिला. तिथं नवतंत्र भवन होणार होतं. फलकावर काचेची इमारत होती, हिरवीगार झाडं होती, आणि ज्यांना कधी घाम येत नाही अशी माणसं हसत चालली होती. सुट्टीवर आलेल्या लेकीला त्यानं विचारलं, "यात माझं गोदाम कुठं गं?"

तिनं जरा वेळ फलक पाहिला. "ते कारंजं आहे ना बाबा, तिथं."

खरं तर वाट बंद झाली नव्हती. हमरस्त्यावर एक नवं सभागृह झालं होतं, आणि त्याचा मालक सगळा माल घ्यायला तयार होता. वर म्हणाला होता, "मांडववाले, तुम्हीही या. देखरेख करा. या वयात किती वाहणार?" बायकोला तो माणूस देवासारखा वाटला. तिचे गुडघे गेले होते. जिना चढताना ती भिंतीशी बोलत बोलत चढायची.

"हो म्हणून टाका," ती म्हणाली.

"साहेबांना एकदा भेटतो. त्यांचा एक शब्द पुरेल. गोदाम मैदानाच्या पलीकडं हलवा म्हणायचं, बस."

साहेबांच्या कार्यालयात त्यानं खेटे घातले. तिथला चिटणीस तोंडात लवंग धरून बोलायचा. "साहेब दौऱ्यावर आहेत." "साहेब बैठकीत आहेत." "साहेबांच्या कानावर घातलंय." सभागृहवाला विचारत राहिला, हा आज सांगतो उद्या सांगतो करत राहिला, आणि निवडणूक जवळ आली.

अशात एका दुपारी फोन आला. बायको जमिनीवर कनात पसरून शिवत होती. त्यानं फोन कानाला लावला आणि ताडकन उभा राहिला. तिनं ओळखलं. एवढ्या झटक्यात तो फक्त एका माणसासाठी उठत असे.

"साहेब? ... हो साहेब. ... बरी आहे. गुडघे दुखतात तिचे, हो, तेच. तुमच्या लक्षात आहे साहेब?" त्यानं बायकोकडं पाहिलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून तिला खूण केली, बघ, साहेबांना तुझे गुडघे ठाऊक आहेत.

मग तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग सरळ. गोदामाचं बोलला, नोटिशीचं बोलला, चिटणीसाचं गाऱ्हाणं केलं आणि लगेच सावरून घेतलं. बोळातल्या सभेची आठवण काढली. लेक लांब गेली, घर खायला उठतं, हेही बोलून गेला. बायको ऐकत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण घर खायला उठतं हे त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"म्हणाले, तुमची अडचण माझ्या मनावर आहे. म्हणाले, तुमच्यासारख्या माणसांमुळेच मी आहे. मी पाठीशी उभा आहे, बिलकूल काळजी करू नका."

बायकोच्या हातातलं दाभण थांबलं होतं. "मध्ये काही बोलले नाहीत?"

"म्हणजे?"

"तुम्ही एवढं बोललात. त्यांनी मध्ये तोडलं नाही?"

"नाही. सगळं ऐकून घेतलं. हं हं म्हणत होते."

तिनं खाली मान घातली आणि दाभण कापडात खुपसलं. व्यासपीठामागं बसून तिनं साहेबांना किती लोकांशी बोलताना पाहिलं होतं. माणसानं दुसरा शब्द उच्चारला की साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर, आणि तिसऱ्या शब्दाला साहेबांची नजर त्याच्या मागच्या माणसावर. कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं तिनं पाहिलं नव्हतं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर लग्नातल्यासारखं तेज आलं होतं. ती गप्प बसली. तेवढं एकदा गप्प बसायला नको होतं, असं पुढे तिला फार वाटलं.

संध्याकाळी त्यानं सभागृहवाल्याला नकार कळवून टाकला. सकाळी दाढीला गेला तो छाती काढून. सलूनवाला त्याच्या गालाला फेस लावत होता, बाकावर दूधवाला वर्तमानपत्र वाचत होता.

"काल साहेबांचा फोन आला होता," मांडववाला आरशाकडं बघत म्हणाला.

"तुम्हालाही का?" सलूनवाला म्हणाला. "मला परवा आला. म्हणाले, घरच्यांची काळजी घ्या. माझ्या घरचे कोण? मी आणि हा आरसा."

दूधवाल्यानं कागद खाली केला. "यंत्र आहे ते दादा. साहेबांच्या आवाजात बोलतं. माझ्या पोरानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बघूच. फोन आला तसा म्हटलं, साहेब, माझी गाय तुमच्या पक्षात यायचं म्हणते. तर म्हणालं, तुमच्यासारख्या माणसांमुळेच मी आहे."

सलूनवाला एवढा हसला, की त्याला वस्तरा बाजूला ठेवावा लागला. "मग? गाय कुठल्या वॉर्डातून उभी राहतेय?"

मांडववाल्यानं टॉवेल ओढून गाल पुसले आणि तसाच उठला.

घरी येऊन त्यानं लेकीला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, बायकोनंही ऐकावं म्हणून. लेकीनं गायीपर्यंतचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, असतात असे कॉल. सगळे पक्ष करतात हल्ली."

"त्याला तुझ्या आईचे गुडघे कसे ठाऊक?"

"मागं घरोघर माहिती घ्यायला कुणी आलं होतं का?"

आली होती. हातात पाटीएवढा फोन घेतलेली एक गोड मुलगी. मावशी मावशी करत पायरीवर बसली होती. बायकोनं तिला पाणी दिलं होतं, आणि तिनं विचारलं म्हणून गुडघ्यांचं सगळं रडगाणंही सांगितलं होतं. आता बायकोला ते आठवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तुमच्याच कंपनीचं का गं हे यंत्र?" तिनं विचारलं.

"आमचं नाही आई. पण... तसलं काम आमच्याकडंही येतं."

"मग त्याला माणसाला मध्येच तोडायला शिकवा. नाहीतर पुढाऱ्यासारखं वाटत नाही."

लेक हसली नाही. मांडववाला मात्र भडकला. "दूधवाल्याला यंत्राचा आला असेल. त्यानं गायीच्या गोष्टी केल्या, यंत्रानं तसंच उत्तर दिलं. मला साहेबांचा आला होता. माझ्याशी बोलताना ते थांबले होते. यंत्र थांबतं का?"

"थांबतं बाबा," लेक हळूच म्हणाली. "आम्ही थांबायला शिकवतो."

त्यानं फोन बंद केला आणि त्यानंतर कित्येक दिवस लेकीचा फोन घेतला नाही. "तिचं पोट त्याच धंद्यावर आहे, तिला सगळीकडं यंत्रच दिसणार," असं बायकोला म्हणाला. बायको म्हणाली, सभागृहवाल्याकडं परत जा, अजून वेळ आहे. तो गेला नाही. गेला असता तर फोन खोटा होता असं त्याच्याच पायांनी कबूल केल्यासारखं झालं असतं.

निवडणूक झाली, साहेब निवडून आले, आणि गोदाम पाडायला माणसं आली. पालिकेच्या गड्यांनी खुर्च्या बाहेर काढून मैदानात रचल्या, भांडणतंटा काही झाला नाही. लांब हाताच्या यंत्रानं पत्रा कागदासारखा चुरगळला. मांडववाला उभा राहून बघत होता, आणि मधूनमधून खिशातला फोन काढून पाहत होता. बायकोनं सभागृहवाल्याला आपण होऊन निरोप धाडला. उत्तर आलं की खुर्च्या घेऊन झाल्या, नव्या, गादीच्या. देखरेखीलाही माणूस ठेवला.

खुर्च्या उन्हात पडल्या. पोरं त्यांच्यावर बसून फोन बघत. कुणी दोनचार उचलूनही नेल्या. त्यानं कुणाला हटकलं नाही.

मग लवंगवाला चिटणीस स्वतः घरी आला. नवतंत्र भवनाचा पाया घालायचा समारंभ होता, साहेब जातीनं येणार होते. "खुर्च्या मैदानातच आहेत म्हणे," तो म्हणाला. "बरंच झालं, वाहतूक वाचली."

बायको भिंतीला धरत आतून बाहेर आली. "लाज नाही वाटत? यांचं गोदाम पाडलंत आणि त्याच जागेवर यांनाच मांडव घालायला सांगता?"

"तू आत जा," मांडववाला म्हणाला. आणि चिटणीसाला म्हणाला, "घालतो."

रात्री जेवताना त्यानंच विषय काढला. "यंत्र आहे म्हणतात ना? मग साहेब समोर आले की मी विचारणार. फोन तुम्हीच केला होता का, एवढंच विचारायचंय. हो म्हणू देत नाहीतर नाही म्हणू देत."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

समारंभ सकाळचा होता. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना भिंतीएवढे पडदे उभे केले होते, आणि डोक्यावर एक उडता कॅमेरा माशीसारखा घोंघावत होता. तो जे बघेल ते पडद्यावर दिसे. खुर्च्या किती मांडायच्या हे मांडववाल्याला कुणी विचारलं नाही. टाय बांधलेल्या एका मुलानं सगळ्या लावायला सांगितल्या, यानं सगळ्या लावल्या.

बायको नेहमीच्या जागी होती, व्यासपीठामागं, पायऱ्यांशेजारी. तिथली कनात उसवली होती आणि ती टाका घालत होती. साहेबांची गाडी मागूनच आली. त्या उसवलेल्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. साहेब उतरले. आता त्यांचं पोट सुटलं होतं, पण सदऱ्याची इस्त्री तशीच कडक. मांडववाला पायऱ्यांपाशी एक खुर्ची हातात धरून उभा होता. ती त्यानं साहेबांसाठी धुतली होती.

"साहेब, निवडणुकीआधी फोनवर आपलं..."

साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. "अरे वा! आपला माणूस. जुना माणूस आहे हा," ते मागच्यांना म्हणाले.

"साहेब, ते गोदामाचं बोलणं झालं होतं. तो फोन तुम्ही स्वतः..."

"झालं होतं ना? मग झालं. मी शब्द दिला की दिला." साहेबांची नजर त्याच्या मागं उभ्या असलेल्या अधिकाऱ्यावर गेली होती. "यांचं बघून घ्या रे," कुणाला तरी उद्देशून ते म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले. फोन आपण केला की यंत्रानं, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पोचला असता तरी त्यांना आठवलं असतं असं नाही.

चिटणीस मागं रेंगाळला. त्याला बहुधा थोडी दया आली असावी. "अहो मांडववाले, ते फोन म्हणजे..."

"ठाऊक आहे मला," मांडववाला म्हणाला. "दूधवाल्यानं सांगितलं तेव्हाच ठाऊक झालं."

चिटणीस गेला. पुढं टाळ्या झाल्या. मांडववाला कनातीच्या फटीपाशी आला. आत बायको, बाहेर तो, मध्ये अर्धं शिवलेलं कापड.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"त्या यंत्रानं निदान मला पुरतं बोलू दिलं गं." तो हे रागानं म्हणाला नाही. नवीनच काही कळल्यासारखा म्हणाला. "एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणी नाही दिलं."

दुसऱ्या कुणी म्हणजे त्यात आपणही आलो, हे तिला कळलं. काही तरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण पाठमोऱ्या साहेबांचा आवाज कर्ण्यातून असा फुटला की जवळचंही ऐकू येईना. साहेब सांगत होते, पाच वर्षांत सगळं बदलणार.

त्यानं हातातली खुर्ची घडी करून फटीतून आत सरकवली. तिच्या गुडघ्यांकडं बोट दाखवलं, बस म्हणून खूण केली. मग वळला आणि चालू लागला.

ती खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली आणि फटीला डोळा लावला. तो घराच्या दिशेनं गेला नाही. गोदामाच्या विटामातीवरून पलीकडं उतरला आणि मैदानाच्या ओसाड बाजूनं सरळ निघाला. दोन्ही हात अंगाला चिकटून लोंबत होते. आजवर कधी तो असा चालला नव्हता. उडता कॅमेरा गर्दीवरून फिरून त्या बाजूला गेला, आणि क्षणभर भिंतीएवढ्या पडद्यावर एक म्हातारा पाठमोरा चाललेला दिसला. पुढच्या रांगेत कुणी तरी हसलं. टायवाल्या मुलानं हात हलवला तसा कॅमेरा झटकन साहेबांकडं वळला.

पडद्यावरून तो गेला. फटीतून मात्र अजून दिसत होता, लहान लहान होत. तिनं हाक मारली नाही. कर्ण्यापुढं ती पोचलीच नसती. दाभण मुठीत धरून ती बघत राहिली, तो रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत, आणि त्यानंतरही.